‘जतन करते’ म्हणजे नक्की काय करते?



मी मराठीची शिक्षिका. संगणक हा माझा विषय नाही. तरीही आजचा लेख संगणकाच्या कोडबद्दल आहे, म्हणजे कोडमध्ये माणसासाठी लिहिलेल्या वाक्यांबद्दल. ही वाक्यं कशी सुधारावीत यावर माझं एक मत झालं आहे आणि ते माझ्याच चुकीतून झालं आहे. चूक लाल पेनाची होती.

आमची शाळा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या भागात आहे. पावसाळ्यात इकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तुम्ही दरवर्षी बातम्यांत वाचता. मोठ्या नदीचं राहू द्या, आमच्याकडे एखादा नाला फुगला तरी अलीकडचा अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. मोबाईलची रेंज तर शाळेच्या आवारात एका ठराविक दगडावर उभं राहिलं तरच.

अशा ठिकाणी आमच्या नववी-दहावीच्या चार-पाच मुलांनी वसतिगृहासाठी एक छोटा प्रोग्राम केला. कोणती मुलगी रजेवर घरी गेली, कधी परत आली, एवढीच नोंद फोनवर टाकायची. रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच राहणार आणि रेंज मिळाली की पुढे जाणार. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुख्याध्यापक सरांना यादी तिथेच दिसणार. अधिकृत नोंदवही कागदाचीच होती, हा आपला मुलांचा प्रकल्प. पण सोयीचा होता, म्हणून हळूहळू सगळे त्यावरच विसंबायला लागले.

आता पालकांसाठी थोडं थांबून सांगते. प्रोग्राम लिहिताना मधेमधे अशा ओळी लिहितात, ज्या संगणक वाचतच नाही. त्यांना कॉमेंट म्हणतात. त्या माणसासाठी असतात. कामाचा एकेक तुकडा म्हणजे फंक्शन. त्या फंक्शनच्या डोक्यावर ते काय करतं, काय घेतं, काय परत देतं हे सांगणारी जी कॉमेंट असते, ती डॉक्युमेंटेशन कॉमेंट. दुसऱ्या मुलाला ते फंक्शन वापरायचं असेल तर तो आतला कोड उघडून बघत नाही, वरचं वाक्य वाचतो आणि पुढे जातो. मोठमोठ्या कंपन्यांतही असंच चालतं. नावावर बोट ठेवलं की पडद्यावर ते वाक्य उघडतं, तेवढ्यावर काम होतं. म्हणजे वाक्य चुकलं तर कोड बरोबर असूनही पुढचं सगळं चुकतं.

नववीतल्या एका मुलीने नोंद टाकण्याच्या फंक्शनवर अशी कॉमेंट लिहिली होती:

“नोंद फोनमध्ये टाकते. रेंज आली का पाठवते. पोचली का नाही ते इथं समजत नाही.”

प्रकल्प प्रदर्शनात मांडायचा होता, म्हणून मुलांनी सगळं ‘शुद्ध’ करायला माझ्याकडे आणलं. आपल्या भागात ‘रेंज आली का’ म्हणजे ‘रेंज आली की’. झाडीपट्टीतल्या कुठल्याही घरात हे ऐकू येईल. त्याच्या पुढच्याच वाक्यात दुसरा ‘का’, तो प्रश्नाचा. मला दोन्ही ‘का’ खटकले. ‘समजत नाही’ तर मला तिचं स्वतःचं अज्ञान वाटलं. मी तिन्ही वाक्यांवर रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं:

“रजेची नोंद जतन करते.”

छोटं, शुद्ध, नेटकं वाक्य. मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

पुढे दहावीतल्या एका मुलाने बटणाचं पान केलं. त्याने माझं वाक्य वाचलं. फंक्शन ‘जतन करते’, मग फंक्शनकडून उत्तर आलं की हिरवी पट्टी दाखवायची: ‘नोंद जतन झाली.’ त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

एका शुक्रवारी दोन बहिणी काकासोबत घरी गेल्या. अधीक्षिका मॅडमनी फोनवर नोंद टाकली, हिरवी पट्टी आली, फोन पर्समध्ये गेला. रेंज नव्हती. मुलांचा प्रोग्राम पान पुन्हा उघडलं आणि तेव्हा रेंज असली तरच पुढे पाठवायचा. मॅडमनी पान पुन्हा उघडलं नाही. कशाला उघडतील? जतन झालं होतं ना! दुसऱ्या दिवशी त्या बैठकीला गेल्या, संध्याकाळी नाला भरला आणि त्या पलीकडे अडकल्या. कागदाची नोंदवही त्यांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. रात्री पाऊस वाढला तसं सरांनी यादी उघडली आणि स्वयंपाकाच्या ताईंना कसाबसा निरोप पाठवून मुली मोजायला सांगितल्या.

यादीत 42. मोजल्या तर 40.

ताईंनी तीनदा मोजलं. कंदील घेऊन मागच्या आवारात जाऊन आल्या. दोन तासांनी अधीक्षिका मॅडमशी कुणाच्या तरी फोनवरून बोलणं झालं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, त्या दोघी तर शुक्रवारीच काकासोबत गेल्या. मी टाकलं होतं की. जतन झालं म्हणून आलं.”

मुली घरी सुखरूप होत्या. पण ते दोन तास आठवले की आजही पोटात गोळा येतो. नंतर आमचा एक माजी विद्यार्थी, जो नागपूरला इंजिनीअरिंग करतो, सुट्टीत आला. त्याने कोड पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, कोडमध्ये काही बिघाड नाही. कॉमेंट खोटं बोलते.” मुलीची मूळ वही मी पुन्हा काढली. तिने लिहिलेलं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. टाकते वेगळं, पाठवते वेगळं, पोचणं आणखी वेगळं आणि पोचल्याचं या जागी कळत नाही, हेही तिने सांगितलं होतं. तीन वेगवेगळ्या क्रिया मी एका ‘जतन’मध्ये कोंबल्या.

या प्रकारच्या कोडला असिंक्रोनस म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट रोजची आहे. दळण घ्या. आई सांगते, “दळण टाकून ये.” तुम्ही डबा गिरणीत ठेवता आणि घरी येता. आई विचारते, “टाकलं का?” तुम्ही म्हणता, “हो, टाकलं.” कुणीही याचा अर्थ पीठ झालं असा घेत नाही. मधल्या वेळात तुम्ही बाजार करता, अभ्यास करता. नंतर कुणीतरी जाऊन पीठ आणतं. तोवर लाईट गेली तर दळण तसंच पडून राहतं. आधीच्या पद्धतीच्या कोडमध्ये तुम्ही पीठ होईपर्यंत गिरणीतच उभे राहायचे. असिंक्रोनस कोडमध्ये डबा ठेवून परत येता आणि एक चिठ्ठी घेऊन येता: ‘पीठ नंतर मिळेल.’ जावास्क्रिप्टमध्ये या चिठ्ठीला प्रॉमिस म्हणतात, म्हणजे वचन. चिठ्ठीवरचं काम पूर्ण होईपर्यंत या ओळीवर थांब, असं सांगायचं असेल तर ‘अवेट’ लिहायचं. सी-शार्पमध्ये हे शब्द 2012 मध्ये आले, पायथॉनमध्ये 2015 मध्ये, जावास्क्रिप्टमध्ये 2017 मध्ये. आज मुलं पहिला बऱ्यापैकी मोठा प्रोग्राम लिहितात तेव्हाच हे समोर येतं, कारण फोन आणि इंटरनेट यांचं जवळजवळ सगळंच काम असं ‘टाकून ये’ प्रकारचं आहे.

आणि इथेच कॉमेंटची भाषा घसरते. जुन्या कोडवर ‘फाईल लिहिते’ असं लिहिलं तरी चालायचं, कारण फंक्शन परत आलं म्हणजे लिहून झालेलं असायचं. काम संपणं आणि फंक्शन परतणं एकाच क्षणी. असिंक्रोनस कोडमध्ये हे दोन क्षण वेगळे होतात. वाक्य मात्र जुनंच राहतं.

याला इंग्रजी वळणाचाही हातभार आहे असं मला वाटतं. पायथॉनवाल्यांचा कॉमेंट लिहिण्याचा एक प्रसिद्ध संकेत आहे, 2001 सालचा. त्यात फंक्शनचं काम आज्ञार्थी सांगा असं म्हटलंय: हे कर, ते परत दे. जावावाल्यांची पद्धत उलटी: तृतीय पुरुषी वर्णन करा, हे करते, ते परत देते. दोन्ही ठीक. पण ‘जतन कर’ काय किंवा ‘जतन करते’ काय, दोन्हींत काम कधी पूर्ण झालं म्हणायचं ते येत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाही ही अडचण आहेच, म्हणून तर त्यांना शेवटी टिपा जोडाव्या लागतात. आपण ते साचे जसेच्या तसे उचलतो आणि मराठीतली एवढी क्रियापदं वाया घालवतो.

कारण मराठीत हे सांगायची सोय फार जुनी आहे. शाळेच्या कार्यालयात जा. आवक-जावक रजिस्टर असतं. पत्र लिहिलं, म्हणजे अजून टेबलावरच आहे. जावक क्रमांक पडला, म्हणजे इथून निघालं. तिकडे आवक क्रमांक पडला, म्हणजे त्यांना मिळालं. आणि पोच आली, म्हणजे मिळाल्याचं आपल्याला कळलं. प्रस्ताव गेल्याचं सांगितलं की कुठलाही जुना लिपिक पहिला प्रश्न काय विचारतो? “पोच घेतली का?” प्रस्ताव पाठवूनही ‘आमच्याकडे आलाच नाही’ हे उत्तर ऐकलेले शिक्षक हा लेख वाचत असतील, त्यांना पोच या शब्दाची किंमत मी सांगायला नको. असिंक्रोनस कोडवर कॉमेंट लिहिणाऱ्याला जे पाच-सहा शब्द लागतात, ते त्या रजिस्टरात केव्हाचे पडून आहेत.

आमच्या मुलांना तर तेंदूपत्त्याचं उदाहरण आणखी लवकर कळलं. मे महिन्यात घरोघरचे लोक पहाटे जंगलात जातात, पुडे बांधतात, फळीवर नेतात. मुन्शी मोजून घेतो आणि कार्डावर लिहितो. ‘पुडे दिले’, ‘मोजून घेतले’, ‘कार्डावर चढले’, ‘पैसे आले’, हे चार वेगळे दिवस असू शकतात. मोजले पण कार्डावर चढले नाहीत, तर काय होतं हे सातवीतलं पोरही सांगतं. मी वर्गात विचारलं, ‘पुडे जमा केले’ या वाक्यावरून पैसे मिळाले का ते कळतं का? एक मुलगा म्हणाला, “मॅडम, जमा केले म्हणजे आपण केले. त्यांनी केले का ते कुठं सांगितलं?” कर्ता कोण, हा प्रश्न त्याने व्याकरणाच्या तासाबाहेर विचारला, म्हणून मला जास्त आवडला.

आता कुणी म्हणेल, ही मुलांच्या छोट्या प्रोग्रामची गोष्ट आहे, मोठ्या लोकांच्या कागदपत्रांत असं नसतं. तसं नाही. आमच्या प्रोग्रामने नोंद ज्या पेटीत ठेवली होती तिचंच उदाहरण घ्या. ब्राउझरच्या आत माहिती ठेवायची एक सोय असते, इंडेक्स्ड-डीबी. तीही असिंक्रोनस. तिथे नोंद टाकली की आधी ‘यशस्वी’ अशी सूचना येते. पण ती फक्त त्या एका विनंतीची. नोंद ज्या व्यवहाराचा भाग आहे तो पूर्ण व्हायचा असतो. तो मध्येच रद्द झाला तर यशस्वी म्हटलेली नोंदही मागे घेतली जाते. व्यवहार पूर्ण झाल्याची सूचना वेगळी येते. माझ्या विद्यार्थ्याने हे सांगितलं तेव्हा वाटलं, चला, निदान ही दुसरी सूचना तरी पक्की. तर तीही पूर्ण पक्की नाही! फायरफॉक्सने 40 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, वेग वाढवण्यासाठी थोडी ढील दिली. तेव्हापासून ‘पूर्ण’ ही सूचना येते ती ऑपरेटिंग सिस्टीमला लिहायला सांगितल्यानंतर. प्रत्यक्ष डिस्कवर लिहून झालेलं असेलच असं नाही. त्या नेमक्या क्षणी वीज गेली तर नोंद हरवू शकते. असं क्वचितच होईल, पण होऊ शकतं.

मला यातलं तंत्र फारसं कळत नाही. पण ज्याने त्या दस्तऐवजात ही गोष्ट उघडपणे लिहून ठेवली, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. ‘लिहिलं’ असं म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने ‘लिहायला सांगितलं आहे’ असं म्हटलं. मराठीत हा फरक पहिलीतलं मूलही करतं. ‘गृहपाठ केला’ आणि ‘दादाला करायला सांगितला’ यातला फरक त्याला चांगला माहीत असतो, म्हणून तर ते दुसरं वाक्य बोलत नाही.

‘रद्द करते’ हे असंच एक फसवं वाक्य. पाठवलेली विनंती रद्द करायची सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे. पण ती वापरली म्हणजे आपण इथे वाट बघणं सोडलं, एवढंच खात्रीने सांगता येतं. विनंती आधीच पलीकडे पोचली असेल तर तिकडचं काम झालेलंही असू शकतं. टपालपेटीत टाकलेलं पत्र ‘रद्द’ म्हटल्याने परत येत नाही. पायथॉनमध्येही चालू काम रद्द करा असं सांगणं ही विनंतीच असते. ते काम थांबेलच याची हमी नाही, हे त्यांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. मग कॉमेंट काय लिहावी? ‘रद्द करते’ नव्हे, तर ‘थांबायला सांगते, थांबलंच असं नाही’. किंवा पहिल्या प्रकारात, ‘वाट पाहणं सोडते, पलीकडे गेलेली नोंद परत येत नाही’. शब्द वाढले, हे कबूल. पण पैसे भरण्याच्या पानावर ‘रद्द झाले’ वाचून पुन्हा पैसे भरणाऱ्या माणसाला त्या चार शब्दांची किंमत विचारा.

कधी कधी एकच शब्द पुरतो. ‘5 सेकंदांनी घंटा वाजवते’ असं एका मुलाने लिहिलं होतं. जावास्क्रिप्टची ती घड्याळवाली सोय सांगितलेल्या वेळेच्या आधी काम करत नाही, पण उशीर करू शकते. हातात दुसरं काम असेल तर ते संपवून मग येते. म्हणून ‘किमान 5 सेकंदांनी’. एक ‘किमान’ घातला की वाक्य खरं झालं.

पायथॉनमधलं एक उदाहरण मला दळणामुळे समजलं. तिथे एखादं काम मागे चालू करून दिलं की त्याची चिठ्ठी कुठेतरी जपून ठेवा, अशी ठळक सूचना दस्तऐवजात आहे. कारण कामाचा गाडा हाकणारी यंत्रणा त्या कामाला स्वतः घट्ट धरून ठेवत नाही. कुणीच धरलं नाही तर केर काढताना ते काम अर्धवट असतानाच उचललं जाऊ शकतं. गिरणीत डबा ठेवला, पण कोणाचा ते सांगितलं नाही, झाकणावर नाव नाही. गिरणीवाल्याने आवराआवर करताना तो बाजूला सारला तर भांडायचं कुणाशी? ‘काम मागे चालू करते’ एवढीच कॉमेंट असेल तर वापरणारा चिठ्ठी टाकून देणार. ‘काम मागे चालू करते आणि चिठ्ठी देते, काम संपेपर्यंत ती जपा’ असं असेल तर जपणार.

आणखी एक, मग पुरे. पाच मुलांना पाच घरी निरोप द्यायला पाठवलं. एक जण परत येऊन म्हणाला, दाराला कुलूप आहे. बाकीचे चौघं कुठे आहेत? वाटेवरच आहेत, आपापल्या घरी चाललेत. पायथॉनमध्ये अनेक कामं एकत्र सोडून सगळ्यांची वाट पाहण्याची जी सोय आहे, तिचं नेहमीचं वागणं असंच आहे. पहिली अडचण आली की ती लगेच कळवली जाते, पण बाकीची कामं आपोआप थांबत नाहीत. ‘सर्व निरोप पाठवते, चूक झाल्यास कळवते’ ही कॉमेंट वाचून माणूस काय समजेल? चूक कळली म्हणजे सगळं थांबलं. आणि तो पुन्हा पाचही निरोप पाठवेल. चार घरी निरोप दोनदा.

तर माझं म्हणणं असं की अशी कॉमेंट तपासताना शुद्धलेखन सर्वात शेवटी बघावं. आधी एक प्रश्न विचारावा. आमच्या शाळेत तो आता ठरूनच गेला आहे: “हे वाक्य वाचून मी फोन आत्ता बंद केला तर चालेल का?” ज्याने कोड पाहिलेला नाही अशा मुलाला फक्त कॉमेंट द्यायची आणि हे विचारायचं. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं ठाम उत्तर आलं आणि ते कोडशी जुळलं, तर कॉमेंट चांगली, मग तिच्यात दोन ‘का’ असोत की चार. मूल डोकं खाजवायला लागलं, तर कॉमेंट परत. ‘जतन करते’ या माझ्या वाक्यावर आठवीतल्या बारा जणांनी ‘हो, चालेल’ म्हटलं. बाराही चुकले, माझ्यामुळे. मुलीचं मूळ वाक्य दिलं तर एक जण म्हणाला, “चालेल, पण पुन्हा उघडून बघा लागते.” त्याला कोड माहीत नव्हता!

यात भाषेच्या शिक्षकाचं काम आहे, आणि मला वाटतं आपण ते टाळतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, सहावीपासून, कोडिंगच्या कृती आणायच्या म्हटल्या आहेत. ते आलं की आपण म्हणणार, संगणकाचे सर बघतील. संगणकाचे सर कोड चालतो का ते बघतात. चालला की त्यांचं समाधान होतं. वाक्य खरं आहे का, हे कुणी बघायचं? निबंध तपासणाऱ्यानेच ना? पण निबंध तपासायच्या सवयीने नव्हे. आपली सवय म्हणजे छोटं करा, गुळगुळीत करा, बोलीतलं काढा, ‘समजत नाही’ असं कधी लिहू नका. कॉमेंटमध्ये ‘इथं समजत नाही’ हेच सर्वात मोलाचं वाक्य असू शकतं.

काही पालकांनी विचारलं, “मॅडम, हे इंग्रजीतच लिहायला शिकवा ना, पुढे नोकरीत मराठी कॉमेंट कोण वाचणार?” प्रश्न रास्त आहे. पुढे ती इंग्रजीतच लिहिणार, लिहावीही. पण नववीतलं मूल इंग्रजीत लिहायला बसलं की त्याला येणारं एकच क्रियापद लिहितं: सेव्ह. मराठीत त्याच्याकडे टाकणं, ठेवणं, धाडणं, पोचणं, चढणं, मिळणं एवढं सगळं आहे. आधी खरं काय ते मराठीत ठरू द्या, मग इंग्रजीत उतरवताना ‘सेव्ह’ पुरत नाही हे त्याला आपोआप टोचेल. तांत्रिक अडचणही नाही. पायथॉन 3 आलं 2008 मध्ये, तेव्हापासून देवनागरी कॉमेंट वेगळं काही न करता चालते. आणि आमच्या निम्म्या मुलांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी आहे, मराठीही त्यांची दुसरीच. त्यांच्यापैकी एक जण कॉमेंट आधी माडियात बोलून बघतो, मग लिहितो. मी त्याला अडवत नाही.

उलट बाजूचं एक म्हणणं मला पटतं. माझा विद्यार्थी म्हणाला, फार लांब कॉमेंट कुणी वाचत नाही, आणि कोड बदलला की कॉमेंट शिळी होते. खरंच आहे. म्हणून आधी फंक्शनचं नाव सुधारावं. नाव ही पहिली कॉमेंट. डॉटनेटच्या जगात अशा फंक्शनच्या नावाला शेवटी ‘असिंक’ हे शेपूट जोडायची रीतच आहे. मुलांनीही ‘जतन’ काढून ‘पाठवायला ठेव’ अशा अर्थाचं नाव दिलं. नाव खरं झाल्यावर कॉमेंट आपोआप आखूड झाली.

आता ती अशी आहे. मुलीनेच लिहिली, मी फक्त ‘का’चा ‘की’ करू का असं विचारलं. ती म्हणाली, “करा.”

“रजेची नोंद या फोनमध्ये ठेवते. पान उघडं असेल आणि रेंज आली की पाठवते. फंक्शन परत आलं म्हणजे फोनमध्ये ठेवून झाली, पोचली असं नाही. पोच आली की ‘पोच’ रकान्यात वेळ पडते. फोनमध्येच ठेवता आली नाही तर चूक कळवते, तेव्हा कागदावर लिहा.”

‘तेव्हा कागदावर लिहा’ हे कॉमेंटमध्ये असावं का, यावर विद्यार्थ्याचा आणि तिचा वाद झाला. तो म्हणाला, ही कोडची गोष्ट नाही. ती म्हणाली, वाचणारा अधीक्षिका मॅडमचं पान करणार आहे, त्याला हे माहीत पाहिजे. ते वाक्य राहिलं.

हिरवी पट्टीही बदलली. आधी पिवळी येते: ‘फोनमध्ये ठेवली. अजून पोचली नाही.’ पोच आल्यावर हिरवी. अधीक्षिका मॅडम आता रोज संध्याकाळी फोन घेऊन त्या दगडावर उभ्या राहतात, पट्टी हिरवी होईपर्यंत.